फराळाच्या पाककृतीत खरा वेळ छापा

प्रति,
संपादक,

स.न.वि.वि.

नवरात्र संपत आले की पुरवण्यांतून फराळाच्या पाककृती येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग वाचकांच्या पत्रांतून तो जुना वाद येतो : घरचा फराळ की विकतचा? एक पक्ष म्हणतो, भाजणीचा वास घरात दरवळला नाही तर दिवाळी कसली. दुसरा म्हणतो, बचत गटाकडून घ्या, चार बायकांना काम मिळेल. दोघांचेही म्हणणे खोटे नाही, पण दोघेही मूळ अडचणीला बगल देतात. नवराबायको दोघेही कामावर जाणाऱ्या घरात अडचण परंपरेची नसते आणि पैशाचीही फारशी नसते. ती तासांची असते. हातातले तास कोणत्या पदार्थाला द्यायचे आणि कोणत्याला नाही, हे ठरवायला जी माहिती लागते ती पाककृतीत कुठेच सापडत नाही. तिथे लिहिलेले असते, "वेळ : ३० मिनिटे".

आधी तास मोजू. दसऱ्यापासून पहिल्या आंघोळीपर्यंत अठरा-एकोणीस दिवस असतात. सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाला त्यांत दोन, नशीब असेल तर तीन रविवार मिळतात. एक रविवार माळे उतरवण्यात आणि पंखे पुसण्यात जातो, अर्धा कपडे, कंदील, पणत्या, उटणे यांच्या खरेदीत. तीन मिळाले असे धरले तरी उरलेल्या दीड रविवारातून सलग असे सहा तास निघतात. जेवणे आवरल्यावर चार रात्री पाऊण-पाऊण तास धरला तर आणखी तीन. एकूण नऊ.

आता पदार्थांकडे बघा. दोन बर्नरची शेगडी, मध्यम कढई, प्रत्येक पदार्थ अर्धा किलोच्या आसपास आणि करणारी व्यक्ती एक, असे धरले तर भाजणीसकट चकलीला साधारण चार तास लागतात. करंज्यांना साडेतीन, चिरोट्यांना अडीच, अनारशांना अडीच, शंकरपाळ्यांना दोन, बेसनाच्या लाडवांना पावणेदोन, रव्याच्या लाडवांना सव्वा, शेवेला एक आणि चिवड्याला एक. बेरीज साडेएकोणीस तास. ओटा पुसणे, तेल गाळणे, सोऱ्या धुणे यांतले बरेचसे यात धरलेले नाही.

नऊ तासांत साडेएकोणीस तास कोंबले की एकतर जागरण होते, नाहीतर गॅस मोठा होतो. जागरण निस्तरता येते. मोठ्या गॅसचे परिणाम डब्यात जाऊन बसतात.

चकलीचेच घ्या. भाजणीचे प्रमाण घरोघर थोडे वेगळे असते, पण तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी आणि वर धणे-जिरे, या मापाने सहसा फसत नाही. धान्य धुऊन सुती कापडावर सावलीत रात्रभर सुकवायचे, प्रत्येक वेगळे मंद आचेवर भाजायचे, पूर्ण गार झाल्यावर गिरणीत न्यायचे. नंतरची उकड म्हणजे जितक्या वाट्या भाजणी तितक्याच किंवा किंचित कमी पाणी. पाण्यात तिखट, हळद, हिंग, तीळ, ओवा, मीठ आणि वाटीमागे एक मोठा चमचा तेलाचे मोहन. पाणी उकळले की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळून वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवायची आणि मग मळायची. अर्धा किलो भाजणीच्या मध्यम आकाराच्या चाळीस-पंचेचाळीस चकल्या होतात. कढईत एका वेळी चार-पाच बसतात आणि एका घाण्याला मध्यम-मंद आचेवर सहा-सात मिनिटे लागतात. म्हणजे नुसत्या तळणीलाच तासभर हवा. तेलातले बुडबुडे शांत झाले की चकली झाली, त्याआधी नाही, कारण तो बुडबुडा म्हणजे आतले पाणी बाहेर पडत असते. आच वाढवली की तीन मिनिटांत रंग येतो, पण पाणी आतच राहते. अशी चकली गरम असताना कुरकुरीत लागते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मग दोष भाजणीला दिला जातो. (मोहन जास्त झाले तर चकली तेलात तुटते, कमी झाले तर दाताला लागते, पीठ सैल झाले तर काटा येत नाही. हे दोष वेगळे. त्यांना घाई कारण नाही.)

बेसनाचे लाडू साधे वाटतात म्हणून ते नेहमी शेवटी ढकलले जातात आणि तिथेच फसतात. अर्धा किलो जाडसर बेसन अडीचशे ग्रॅम तुपात मंद आचेवर भाजायला पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ हात थांबत नाही. सुरुवातीला उलथने जड चालते, मग एकाएकी हलके होते, तूप सुटू लागते आणि वास बदलतो. मोठ्या आचेवर पंधरा मिनिटांत रंग येतो, पण तो तळाशी लागलेल्या बेसनाचा असतो. बाकीचे कच्चेच राहते आणि लाडू टाळूला चिकटतो. पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच घालायची. गरमात घातली तर ती विरघळते, मिश्रण सैल होते आणि लाडू ताटात बसतो.

शंकरपाळ्यांचेही तेच. एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि त्यात मावेल तितका मैदा, म्हणजे साधारण साडेचार-पाच वाट्या. मंद आचेवर एका घाण्याला आठ-दहा मिनिटे द्यावी लागतात. पाच मिनिटांत काढलेली शंकरपाळी दिसायला सुरेख आणि आत पिठूळ. म्हणून एक सूत्र पक्के धरावे : वेळ कमी असेल तर आच नाही वाढवायची, पदार्थ कमी करायचे.

कोणते कमी करायचे, हे ठरवताना सगळे तास एकाच जातीचे नसतात, हे लक्षात घ्यावे लागते. काही कामे तुकड्यांत होतात. सुके खोबरे किसून भाजणे, खसखस भाजणे, साखर दळणे, वेलची कुटणे, शेंगदाणे भाजणे, ही रात्रीच्या पाऊण तासात बसणारी कामे आहेत आणि चार दिवस आधी केली तरी बिघडत नाहीत. काही कामे सलग वेळच मागतात. चकलीची उकड काढली की ती तळून संपेपर्यंत उठता येत नाही, करंजीची पारी लाटायला घेतली की काम मोडून ठेवता येत नाही. बेसनाचे भाजणे सलग असते, पण पाऊण तासाचेच. ते बुधवारी रात्री भाजून झाकून ठेवले आणि गुरुवारी सकाळी साखर घालून वळले तरी चालते. गार होण्याचा वेळ झोपेत निघून जातो. मिश्रण फार आळले तर किंचित कोमट करून घ्यावे.

तिसरा वेळ पंचांगाचा. अनारशाला हाताचे तास अडीचच लागतात, पण दिवस दहा लागतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरायचे, ओलसर असतानाच दळून बारीक चाळायचे. किलोभर तांदळाला पाऊण ते एक किलो गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे करायचे आणि डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचे. थापताना खसखस लावलेली बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचे आणि उलटायचे नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. गूळ किंवा ओल जास्त झाली की अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरून पसरतो. त्यावर थोडी तांदळाची कोरडी पिठी मिसळून एक अनारसा तळून बघायचा. ज्यांच्याकडे तास कमी पण आधीपासूनची शिस्त आहे, त्यांना खरे म्हणजे अनारसे परवडतात. चकली परवडत नाही.

मापाबद्दलचा एक गैरसमज यात फार वेळ खातो. माप निम्मे केले की वेळ निम्मा होतो, असे सगळे धरून चालतात. ते फक्त नगावर चालणाऱ्या पदार्थांना लागू आहे. चकली, करंजी, चिरोटा, अनारसा यांचा वेळ नगागणिक वाढतो आणि नगागणिक घटतो. चिवड्याचे तसे नाही. अर्धा किलो पातळ पोहे मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत हलके भाजायला, मिरच्या आणि कढीलिंब फोडणीत पार कुरकुरीत होऊ द्यायला, दाणे, डाळे आणि खोबऱ्याचे काप तळायला तासभर जातो. तेच एक किलोला सव्वा तासात होते. (घाईत मिरची ओलसर राहिली तर तिच्या पाण्यानेच चिवडा दोन दिवसांत चिवट होतो.) बेसनाचेही भाजणे अर्ध्याचे एक किलो झाले तर दहा-पंधरा मिनिटांनीच वाढते. म्हणून शेजारीपाजारी ताटे फिरवायची असतील, ऑफिसात डबा न्यायचा असेल, तर तो भार चिवडा आणि लाडू यांच्यावर टाकावा. करंज्या घरातल्या माणसांपुरत्या मोजून कराव्यात, एकवीस म्हणजे एकवीस. उलटे करणाऱ्यांचा रविवार करंज्या वाटण्यातच संपतो.

आता निवड. इथे कोणतीही पाककृती किंवा कोणाचेही पत्र उपयोगाचे नाही, कारण पहिला क्रमांक कशाला द्यायचा हे घरागणिक बदलते. पण तपासायला तीन गोष्टी हाताशी आहेत. पहिली, गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात काय उरले होते? लक्ष्मीपूजनानंतर बारा दिवसांनी जे पडून होते, ते कोणाला नको होते. बहुतेक घरांत चिरोटे आणि रव्याचे लाडू उरतात, पण आपल्या घरात काय उरले ते आपणच आठवावे. यंदा डब्यांवर चिकटपट्टीला तारीख लिहून ठेवली तर पुढच्या वर्षी आठवावेही लागणार नाही.

दुसरी, विकतच्यात आणि घरच्यात आपल्या जिभेला किती फरक कळतो? माझ्या मते शेव विकत आणावी, फरक नावापुरता आहे. ओवा दळून, पाणी गाळून, सोऱ्याची जाळी तुंबू न देता तासभर राबण्याइतका तो नाही. चकलीची भाजणी तयार घ्यावी आणि चकली मात्र घरी तळावी. यात दीड तास आणि दोन दिवस वाचतात, आणि ताजेपणा बव्हंशी तळणीत असतो. बेसनाच्या लाडवात मात्र तूप की वनस्पती हे पहिल्या घासाला कळते आणि करंजीतले खोबरे खवट असेल तर दुसऱ्या घासाची गरजच पडत नाही. हे दोन्ही घरचे बरे.

तिसरी तपासणी सगळ्यांत कमी केली जाते. आपल्याला पदार्थ हवा आहे की करणे हवे आहे? काही घरांत शंकरपाळे कोणाला फार आवडत नाहीत, पण मुले ते कातण्याने कापतात आणि ती दुपार सगळ्यांच्या लक्षात राहते. तिथे शंकरपाळ्यांचे दोन तास हा खर्च नाहीच, तीच दिवाळी आहे. त्या घराने बाकी सगळे विकत आणावे आणि शंकरपाळे करावेत. आईवडिलांच्या दातांना चकली चावत नाही, त्या घरात चकलीवर चार तास घालण्याला अर्थ नाही, लाडू करावेत. बारावीचे मूल असलेल्या घरात एका रविवारी तीन तासांपलीकडे स्वयंपाकघर अडवू नये. परदेशी पाठवायचे असेल तर ते तास दसऱ्याच्या आधी काढावे लागतात आणि निवड आपण करत नाही, प्रवास करतो : करंजी मोडते, ओल्या खोबऱ्याचे टिकत नाही, शेव-चिवडा-शंकरपाळे पोहोचतात.

आणि तास कोणाचे? "आमच्याकडे सगळा फराळ घरी होतो" या वाक्यात राबणारी व्यक्ती बहुधा एकच असते आणि वाक्य बोलणारी बहुधा दुसरी. यादीत एखादा पदार्थ ज्याला हवा, त्याचे तास त्या पदार्थासमोर लिहून यादी फ्रिजवर लावली की ती आपोआप आखूड होते. कौशल्य नसलेल्यालाही करण्यासारखे पुष्कळ असते. चाळीस मिनिटे बेसन ढवळायला मनगट लागते, सुगरणपण नाही; ते फक्त शेवटच्या पाच मिनिटांत, वास ओळखायला. सोऱ्या फिरवणे, करंजी कातणे, लाडू वळणे तसेच. करंज्यांना तर एकट्याने हात लावूच नये. एकाने लाटायच्या, दुसऱ्याने भरून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, तिसऱ्याने तळायच्या, असे झाले तर साडेतीन तासांचे काम सव्वा-दीड तासात उरकते. शिवाय पारी वाळत नाही, म्हणून कडा सुटून सारण तेलात पडत नाही. चाळीत आणि वाड्यात बायका एकेका दिवशी एकेकीकडे करंज्यांना जमत, त्यात गप्पांइतकाच हा हिशेबही होता. आज सोसायटीत तसे जमणे अवघड असले तरी अदलाबदल जमते : एका घराने दीड किलो चिवडा करायचा, दुसऱ्याने चकल्या, आणि डबे बदलायचे.

उरतो क्रम. कढई चढवणे हेच मोठे काम आहे, म्हणून तळणीचे पदार्थ एका दिवशी लावावेत, दोनच, आणि आधी गोड मग तिखट. शंकरपाळे किंवा करंज्या स्वच्छ तेलात, नंतर त्याच तेलात चकली. उलटे केले तर हळद-तिखटाचा गाळ करंजीवर बसतो. तिसरा तळणीचा पदार्थ त्याच दिवशी घेऊ नये. आच वाढते ती नेमकी तिसऱ्याला. चिवडा, शंकरपाळे, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या पंधरा दिवस टिकतात, त्या पहिल्या रविवारी. बेसन आठवड्यातल्या रात्री. ओले खोबरे घातलेले रव्याचे लाडू अगदी शेवटी, कारण ते चार दिवसांचेच सोबती. त्यांचा पाक एकतारी झाला की लगेच रवा घालावा, पाक पुढे गेला तर मिश्रणाचा भुगा होतो. दुधाचा हबका मारून तो वळता येतो, पण मग ते दोन दिवसांत संपवावे लागतात. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नवे काही सुरू करू नये. त्या दिवशी जे राहिले असेल ते विकत आणावे आणि ताटात बिनधास्त मांडावे.

या हिशेबाने नऊ तासांत काय बसते? तयार भाजणीची चकली अडीच, बेसनाचे लाडू पावणेदोन, दोघांनी मिळून करंज्या दोन, चिवडा एक. सव्वासात झाले. पावणेदोन तास सांडलवंडीला आणि चहाला. दुसऱ्या कोणाच्या घरात हीच बेरीज अनारसे आणि शंकरपाळे यांनी भरेल.

म्हणून संपादक महोदय, एक विनंती. यंदा पुरवणीत पाककृती छापताना "वेळ" या एका शब्दाऐवजी चार ओळी द्याव्यात. नमुन्यादाखल : "करंज्या, २५ नग. हाताचा वेळ : एकटीला साडेतीन तास, दोघांना दोन. थांबण्याचा वेळ : रवा भिजायला दोन तास. आधी करता येते : सारण, चार दिवस. मोडून करता येत नाही : लाटण्यापासून तळण्यापर्यंत." जागा थोडी जास्त जाईल, ती फराळाच्या ताटाचा फोटो लहान करून काढता येईल.

आणि अनारशांची कृती दसऱ्याच्या अंकात यावी. धनत्रयोदशीच्या पुरवणीत ती छापून येते तेव्हा तिचे पहिले वाक्य असते, "तांदूळ तीन दिवस भिजवून घ्या".

आपला,
एक वाचक, डोंबिवली पूर्व